नळावरचा दगड

बुधवार, संध्याकाळ. मतदानाला चार दिवस.

आज प्रचारात आळीतली सगळी घरं केली, फक्त पारूअक्कांचं दार टाळलं. त्यांचा भाचा नगरपालिकेला माझ्याविरुद्ध उभा आहे. त्यांना उगीच अडचणीत कशाला टाका? की मलाच नकार ऐकायचा नव्हता?

मागून हाक आलीच. "काय गं, माझं दार दिसलं न्हाई व्हय?"

लग्न होऊन भोरला आले तेव्हाही त्या अशाच ओरडल्या होत्या. पहाटे सार्वजनिक नळावर बायका रांगेत आपापला दगड ठेवून घरी जात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली; मला वाटलं वाटेत पडलेत, सगळे उचलून कडेला लावले! केवढा गोंधळ झाला. शेवटी अक्कांनीच पांढऱ्या रेघेचा एक दगड माझ्या हातात दिला. "ह्यो तुझा. आता कुणाचा हलवू नगंस."

पुढे घरोघरी नळ यावेत म्हणून मीच भांडले. नळ आले, रांग संपली. आमच्या गप्पाही. हे तेव्हा कुठं कळलं?

चहा देताना अक्का म्हणाल्या, "मत भाच्याला दीन, तोंडावर सांगते. पर तू येत जा."

निघताना पाहिलं, दार वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली दगड लावला होता. पांढऱ्या रेघेचा. नळ बंद झाला तेव्हा उचलून आणला असणार. इतकी वर्षं!

आज दारोदार मत मागितलं. तिथं मागायचंच विसरले, आणि घरी येईपर्यंत ते लक्षातही आलं नाही.