गरम पाण्याची पिशवी

राहुरी, १२ जानेवारी

प्रिय प्रज्ञा,

अक्षर ओळखलंस का? एकवीस वर्षांत ते बरंच बिघडलं. मी ज्ञानेश्वरी, काष्टीची. नगरला सावेडीतल्या खोलीत तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी. तुझा नंबर माझ्याकडे महिन्याभरापासून आहे. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. म्हणून आज कागद घेऊन बसले. दुपारचे तीन वाजलेत. आमचे हे इथे कृषी विद्यापीठात बियाणं विभागात आहेत, त्यामुळे आम्ही क्वार्टरमध्ये राहतो. खिडकीपलीकडे उसाला तुरे आलेत. ऊन इतकं मऊ आहे की सगळं रान जमिनीपासून जरासं वर उचलल्यासारखं दिसतं. अशा वेळी आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही.

भूल उतरताना आपले पेशंट असेच असायचे. एक आजोबा डोळे मिटून शेळ्या मोजायचे आणि एक कमी भरली की रडायचे. मुळा धरणाकडची ती बाई आठवते? तिने माझा हात धरून विचारलं होतं, "मी पान्यात पडले का गं? लई गार हाय." तू अंगातला स्वेटर काढून तिच्या पायांवर टाकलास. आपण नुकत्याच पास होऊन थिएटरशेजारच्या खोलीत ड्यूटीला लागलो होतो. आत डॉक्टरांसाठी एसी लावलेला, पेशंट कुडकुडत बाहेर यायचे आणि आपल्याकडे इलाज काय, तर लाल ब्लँकेट आणि रबरी पिशवीतलं गरम पाणी. एकदा चहा पिताना तू म्हणालीस, "टाके किती घातले ते केसपेपरवर लिहितात. पेशंटला थंडी किती वाजली ते कुणीच लिहीत नाही." तू सहज बोलून गेलीस. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं आहे.

तू गेल्यावर मी एक शाळेची वही घेतली आणि प्रत्येक पेशंटचं तापमान लिहायला लागले. आत नेताना, बाहेर आणल्यावर, मग तासाभराने. कुणी सांगितलं नव्हतं. दोन वह्या भरल्यावर दिसायला लागलं की पहिल्या तासातच माणूस एक-दीड अंशाने गार होतो. भूल दिली की शरीराच्या आत जपलेली ऊब हातापायांकडे वाहून जाते आणि तिथून निघून जाते. पुस्तकात ते पहिल्यांदा वाचताना मला फार विचित्र वाटलं होतं, जणू माणूस झोपेत घराची दारं उघडी टाकतो. गार झालेल्याचं रक्त जास्त जातं, जखम चिघळते, घरी जायला उशीर होतो. मी हे एका मोठ्या सर्जनना सांगितलं, तर ते हात धुता धुता हसले. "सिस्टर, थंडी वाजून कुणी मरत नाही." मग मी पुढे शिकले, बीएस्सी, एमएस्सी, शेवटी पीएचडी. दोनशे बारा पेशंट घेतले. अर्ध्यांना थिएटरमध्ये नेण्याआधी अर्धा तास गरम हवेच्या पांघरुणात ठेवलं. ते शांत बाहेर यायचे, प्रज्ञा. कापायचे नाहीत. एक म्हातारे जागे होऊन मला म्हणाले, "पोरी, मी आत्ता उन्हात बसलो हुतो." त्या दिवशी मी स्टोअररूममध्ये जाऊन खूप रडले. का, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. आता जिल्ह्यातल्या बऱ्याच थिएटरांत माझ्या पद्धतीने तापमान लिहितात. ते हसलेले सर्जन नव्या सिस्टरांना माझ्याकडे पाठवतात.

नर्सिंग कॉलेजांतून मला व्याख्यानाला बोलावतात. तिथे मी नेहमी एक गोष्ट सांगते. डिसेंबरमधली दुपार, काष्टीकडच्याच छबूबाई, साठीच्या, कमरेखाली भूल दिलेली. एका सिस्टरने मायेने त्यांच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. बाईंच्या पायांना काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोटरीवर तळहाताएवढा फोड. तीन महिने जखम भरत नव्हती. त्या सिस्टरची नोकरी गेली. म्हणून मुलींनो, नुसती माया पुरत नाही, मोजायला शिका. असं म्हटलं की मुली वह्या उघडून ते लिहून घेतात. पंधरा वर्षं मी ही गोष्ट सांगत आले, नाव न घेता.

गेल्या महिन्यात नगरच्या एका कॉलेजात व्याख्यान संपल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. पहिल्या वर्षाची, बारीक अंगाची, हनुवटी किंचित वर. मला क्षणभर वाटलं, तूच आलीस, तशीच, एकवीस वर्षांची. तिने नाव सांगितलं, संस्कृती. म्हणाली, "मॅडम, ती सिस्टर बहुतेक माझी आई आहे. ती पारनेरजवळ अंगणवाडी चालवते. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर दोन दिवस जेवली नाही. म्हणते, माझ्या हातून एका म्हातारीचा पाय भाजला, मी टॉवेल नीट गुंडाळला नसेल. ती अजून घरात कुणाला गरम पाणी देत नाही, वडिलांना सांगते." तिला राग नव्हता आला. उलट अभिमान वाटत होता, आईच्या चुकीतून एवढं काही निघालं याचा. तिने तुझा नंबर आणि पत्ता लिहून दिला, मला नमस्कार केला. मी गाडीत बसले आणि कितीतरी वेळ चावीच लावली नाही.

त्या दुपारी तू पिशवी भरलीस, मनगटाला लावून पाहिलीस, टॉवेलमध्ये दोनदा गुंडाळून छबूबाईंच्या पावलांपासून वीतभर लांब ठेवलीस. मी पाहत होते. मग पुढचा पेशंट घ्यायला तू आत गेलीस. बाई अजून कापत होत्या, "अजून गार हाय गं," म्हणत होत्या. मला वाटलं, पाणी निवलं असेल. मी ते ओतून टाकलं, स्टरिलायझरमधलं उकळतं पाणी भरलं आणि पिशवी पोटरीला चिकटवून ठेवली. टॉवेल ओला झाला होता, तो मी बादलीत टाकला. बाई लगेच झोपल्या. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी मेट्रननी विचारलं, पिशवी कुणी ठेवली? तू म्हणालीस, "मी." मी तुझ्या शेजारी उभी होते. मला त्यांनी विचारलंच नाही. तुझं आडनाव वाचताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते आपल्याला दोघींना माहीत होतं, आणि माझे काकासाहेब मामा तिथल्या ट्रस्टींच्या बैठकीतले. वाटलं, उद्या सांगू. उद्या तुझे वडील, सोपानकाका, तुझी पेटी न्यायला आले. माळीवाडा स्टँडवर पारनेरच्या गाडीत बसताना ते मला म्हणाले, "येत जा गं पोरी घरी." मी हो म्हटलं. छबूबाईंची जखम बांधायला मी काष्टीला जात राहिले. त्या विचारायच्या, "त्या पोरीला कशापायी काढलं?" त्यांनाही मी सांगितलं नाही. पुढे त्या बऱ्या होऊन चालायला लागल्या, हे तुला कुणी कळवलं नसेल.

शुक्रवारी नगरला सिस्टरांची परिषद आहे. तिथे ही गोष्ट मी माझं नाव घेऊन सांगणार आहे. त्या हॉस्पिटललाही लेखी कळवलंय. संस्कृतीला काही बोलले नाही. तिला काय सांगायचं आणि माझं तोंड पाहायचं की नाही, ते तू ठरव. क्षमा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, ती मागायची वेळ मी कधीच घालवली. पण एकवीस वर्षं तू एक गोष्ट खरी मानून जगतेस, ती खरी नाही, एवढं शुक्रवारच्या आत, इतर कुणाच्याही आधी, तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. तुझं पाणी बेताचंच गरम होतं, प्रज्ञा. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

तू म्हणू दिलंस तर अजून तुझीच,
ज्ञानेश्वरी