मागची फळी

नुसता स्पीकर पाठवायचा आणि त्याला खोकं केवढं लागतं, मागून उघडं की बंद, हे एका अक्षराने कळवायचं नाही, ही कुठली रीत? गुळाची ढेप पाठवली असतीस तर कुठे ठेवायची ते आम्हाला कळलं असतं. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं ते तुझं चाक आसारामने माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, मच्छिंद्रनं दिलंय. कोणाला दिलंय, ते त्यालाही तू सांगितलं नव्हतंस. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. नगरात शाई मिळत नाही वाटतं.

प्रिय मच्छिंद्रा, आता आशीर्वाद घे. घरातली सगळी हातीपायी धड आहेत. विहिरीने तळ दाखवलाय. तुझा बाप दुष्काळाच्या कामावर खडी फोडतो, आई पाट्या वाहते, आणि मी कोंबड्या हाकलते. तुझी बहीण पुष्पी कोल्हारला सासरी बरी आहे. तिच्या सासूला माझ्यासारखंच तोंड आहे, म्हणजे पोर लवकर शहाणी होईल. अक्षर माझं आहे, दोन यत्तांचं, वाकडं दिसलं तर मान वाकडी करून वाच. दुसऱ्याकडून लिहून घेण्याजोगं हे पत्र नाही.

पुष्पीच्या लग्नातलं ते खोकं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चहाच्या पेट्यांच्या फळ्या आणून तू उन्हाळाभर पडवीत ठोकत बसलास. मला सांगायचास, आजी, एकच कागदी पडदा, त्यातून सनईपण निघते आणि ढोलपण, म्हणून त्याला घर त्याच्या मापाचं पाहिजे. हा स्पीकर मऊ कडेचा, त्याला मागे कोंडलेली हवा लागते, ती उशीसारखी पेलते. हवा मोकळी सोडली तर तो धाप लागल्यागत आतबाहेर करत फाटेल. मला अर्धंमुर्धं कळलं. पण जे मला सांगितलंस ते बापाला सांगायला तुझी जीभ का उचलली नाही? वर मागच्या फळीला बिजागऱ्या लावल्यास आणि कडी-कोयंडा, का तर आत हात घालायला सोपं. आपल्या शिंगणापुरात माणूस स्वतःच्या घराच्या चौकटीला कवाड लावत नाही आणि तू गाण्याला कवाड लावलंस.

लग्नाच्या सकाळी तुझ्या बापाने, कारभारीने, ती कडी पाहिली. लेकीचं लग्न, दारात मांडव, आणि घरात कडी. शनिदेवाच्या धाकाने त्याने फळी बिजागऱ्यांसकट उपटली. तू वऱ्हाडाला पाणी वाटत होतास. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तुझा स्पीकर कोंबडीने पंख झाडावेत तसा फडफडून फाटला. कोल्हारकर हसले. मग तुझा बाप चारचौघांत बोलला, “याला मेंढरं तरी धड वळता येत्यात का, निघाला गानी वाजवायला.” ते बोलणं वाईटच. मी त्याची बाजू घेत नाही, माझ्याच पोटचा आहे, खोडी मला पाठ आहेत. तू अंगावरच्या कपड्यांनिशी एस.टी.त बसलास तो आजतागायत. पण फळी त्याने तुझ्यावरच्या रागाने काढली नव्हती, पुष्पीच्या काळजीने काढली होती. असलं काही त्याला बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की तो उठून बैलाचे खूर बघायला जातो.

तुझा हा दुसरा स्पीकर मी ओसरीवर ठेवून दिला. कामावरून आल्यावर त्याने फडकं सोडलं, पाहिलं, परत बांधलं. भाकरी अर्धी टाकली. सकाळी बघते तर नव्या गाडीच्या साट्याला राखून ठेवलेल्या लिंबाच्या फळ्या बाहेर. मी म्हटलं, “गाडीचं काय?” तर म्हणे, “बैलास्नी चारा न्हाई, गाडी घेऊन काय चाटायची?” मग रोज खडी फोडून आला की करवत. फटींत राळ भरली. माझ्या गादीतला कापूस मला न विचारता उपसून आत अंथरला. तू तसं केलं होतंस ते त्याने तेव्हा पाठ फिरवून फिरवून पाहिलेलं असणार. शेवटी मागची फळी राहिली. ती भिंतीला टेकवून नुसता बसायचा. एका शनिवारी देवाला तेल घालून आला आणि फळी ठोकली. बिजागरी नाही, कडी नाही, चहूकडून खिळे. मी विचारलं, “कारभारी, कवाड लावलंस व्हय रे?” तर मला म्हणतो कसा, “जे उघडतच न्हाई ते कवाड कसलं? ती भिंत हाय. भिंतीला देव कशाला रागवंल?” एवढी अक्कल माझ्या पोटी जन्मली हे मला या वयात कळलं.

आबासाहेबांच्या रेडिओला तारा जोडून खोकं वाजवलं. रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा आवाज. नुसती घुमघुम, शब्द एक कळेना. कोणी हसलं नाही. तुझा बाप शेतीचा कार्यक्रम संपेपर्यंत खाली मान घालून ऐकत राहिला, मग तारा काढल्या आणि म्हणाला, “माझ्या हाताला त्याचं काय लाभत न्हाई.” स्पीकर उचकटून त्याने पुन्हा त्याच फडक्यात बांधला. आसाराम नगरला निघाला की त्याच्याबरोबर परत धाडायचा.

आज आसाराम आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन खोदून विचारलं. तो म्हणाला, बापाला बंद खोकं खपत नाही म्हणून मच्छिंद्रने तो कामाला आहे त्या दुकानातले सगळे स्पीकर वाजवून बघितले, आणि ताठ कडेचा, मागे फळी नसली तरी चालेल असा हा एकच काढला. म्हणजे तू बापासाठी उघडं धरलंस आणि त्याने तुझ्यासाठी बंद केलं. तुम्हा दोघांना एकेक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. आता हा तसाच परत आला तर तू म्हणशील बापाने फेकून दिला, आणि तो तर समजून बसलाय की दुसराही आपण बिघडवला. म्हणून हे लिहिलं. स्पीकर मी रिकाम्या कणगीत घातलाय. आसारामच्या हाती हे पत्र तेवढं देते. खिळे काढ म्हणून मी त्याला सांगू शकते, पण मी सांगितलं तर म्हातारी दोन्हीकडून गोड बोलते म्हणेल. ती फळी त्याने तुझ्यासाठी लावली, काढायला तूच सांगायचं. तेव्हा मला उत्तर पाठवू नकोस, मी वाचणार नाही. बापाच्या नावाने पत्र टाक, तुझ्या हाताने, आणि त्यात स्पष्ट लिही की ह्याचं उत्तर आजीने नाही, आईने नाही, तुम्हीच द्यायचं.

तुझीच आजी
राहीबाई