मलमलीचा तुकडा

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज पुन्हा गाऊन उलटा घातला, शिवणी बाहेर! जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि आता मलाच कापड सोसत नाही. नागिणीचे फोड सुकून कित्येक महिने झाले. डाव्या बरगडीवर डागसुद्धा उरला नाही. पण कापड नुसतं घासलं तरी निखारा ठेवल्यासारखं होतं.

१३ फेब्रुवारी
हे अजून बाहेरच्या खोलीतच झोपतात. त्या दिवशी मायेनं पाठीवर हात ठेवला आणि मी किंचाळले — "हात लावू नका!" दुखण्यानं किंचाळले हो. पण त्यांनी उशी उचलली ती उचललीच. रोज दारातून विचारतात, "दुखतंय का?" मी म्हणते, "हो." संपलं संभाषण.
मला ते परत हवेत. कोणाला सांगू?

१७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नागीण गेली, पण जाताना नस दुखावून गेली. घंटीचं बटण अडकलंय असं समजा. वाजतेय, पण दारात कोणी नाही." म्हणजे मनाचे खेळ नाहीत तर! तसं म्हणणाऱ्या नणंदबाईंना ऐकवायलाच हवं. गोळी हळूहळू वाढवायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. शिवाय रोज त्या जागी मऊ कापड फिरवायचं, सवय झाली की जरा खरखरीत. नसेला शिकवायचं — हा चटका नव्हे, कापड आहे.
"कापडाचं मला शिकवता?" म्हटलं. हसल्या.

१८ फेब्रुवारी
शहाणी मी! सगळ्यात मऊ म्हणून साटीन घेतलं. आई गं!! गार, निसरडं — डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग धुऊन धुऊन विरलेला मलमलीचा तुकडा काढला. तो चालला. म्हणजे रडले, पण चालला.

२६ फेब्रुवारी
गोळीनं दुपारी गुंगी येते. स्वप्नात कपडे दोरीवरून सुटून खोलीभर तरंगत होते — आत माणसं नाहीत, नुसते कपडे. ह्यांचा सदरा माझ्याजवळ येऊन थांबला. बाही उचलली, पण पुढे आली नाही.
जागी झाले तर ऊन शिलाई मशीनवर आलेलं. कितीतरी वेळ नुसती बघत पडले. दुखणं होतं, पण लांब कुठेतरी, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं.

९ मार्च
दुखणं बरगडीवरून पाठीपर्यंत गेलेलं, तिथे माझा हात पोचत नाही. शेवटी हाक मारली, "अहो, एवढं जरा फिरवता का?" हे दुकानांच्या पाट्या रंगवणारे! अक्षर काढताना कधी हात हलला नाही, आणि आज मलमल धरून थरथरताहेत. "सावकाश! पाटी नाही मी." हसले. किती दिवसांनी! मग एका रेषेत, वरून खाली, श्वास रोखून. कापडापलीकडे त्यांची ऊब लागत होती.
झाल्यावर तुकड्याची नीट घडी घातली आणि गेले बाहेरच्या खोलीत. असे कसे हे!

२१ मार्च
मलमलीवरून सुती, सुतीवरून टॉवेल. टॉवेलशी भांडण झालं — काल फार वेळ शिवत बसले, त्याची शिक्षा. आज परत मलमल. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, "कधी पुढे, कधी मागे." कंटाळा आला. खूप कंटाळा आला.

२२ मार्च
काही नाही.

३० मार्च, रविवार
दुपारी डोळा लागला. पुन्हा तेच तरंगणारे कपडे. जाग आली तर बरगडीवर काहीतरी जड. मलमल? ती तर खुर्चीवर, घडी केलेली. हे शेजारी आडवे, डोळे मिटलेले — आणि हात माझ्या डाव्या बरगडीवर. कधीपासून, कोण जाणे.
दुखत होतं. थोडं. मी हलले नाही.
"काढू का?" — डोळे न उघडताच.
"राहू द्या."