करार झाला तर ती, नाही तर तो

६ फेब्रुवारी

—आणि मी सुरी खाली ठेवली. कांदा अर्धाच चिरलेला.

"परत सांग," मी म्हणाले.

टिल्लीने परत सांगितलं. दाराला टेकून, इस्पितळाचा गणवेशही न बदलता. "आमचं ठरलंय आई. करार झाला तर मी तिकडे जाते. नाही झाला तर तो इकडे येतो. लग्न काय, दोन्हीकडून आहेच."

"कुणी ठरवलं हे?"

"दोघांनी."

"आणि करार कुणी करायचाय?"

"तुम्ही!" — हसली. कार्टी हसली!

आम्ही म्हणजे दोन सरकारं. मी नुसती मधली. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, त्यांचं आपल्या भाषेत सांगायचं, आपलं त्यांच्या. दुभाष्याला कोण विचारतो? पण महिनाअखेरीच्या बोलण्यांना मी आहे हे तिला ठाऊक आहे.

रात्री सासूबाई म्हणाल्या, "डायलिसिसचं यंत्र बसवायला आला आणि नात उपटून चालला! चांगला यंत्रवाला."

उरलेला कांदा यांनीच चिरला होता. जाड जाड.

८ फेब्रुवारी

ऑफिसातून कागद आले. बरंच काही आहे त्यात. बंदरं, गहू, यंत्रांवरचा कर, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, एक नाट्यमहोत्सव. सतरावं कलम नर्सांचं.

आजवर आपली नर्स तिकडे गेली की नर्स राहत नाही. पुन्हा पहिल्यापासून शिका, नाहीतर मदतनीस म्हणून राबा. टिल्ली म्हणते, "चार वर्षं यंत्रावर काम करतेय मी. फरशी पुसायला समुद्र ओलांडणार नाही." सतरावं कलम मान्य झालं, तर तिचं शिक्षण तिकडे चालेल. मग ती जाईल.

यंत्रं तिकडून इकडे येतात. माणसं इकडून तिकडे जातात. याला मैत्री म्हणतात. मीच म्हणत आलेय, इतकी वर्षं, दोन्ही भाषांत.

साहेबांना सांगून टाकलं — माझ्या मुलीचा यात संबंध येतो, मला नको हे काम. ते हसले. "बाई, सही थोडीच तुम्ही करणार आहात?"

९ फेब्रुवारी

तिला विचारलं, तूच का? त्याला इकडे यायला काय धाड भरलीय?

म्हणाली, "त्याची आई एकटी आहे. तुला बाबा आहेत, आजी आहे."

यावरचं उत्तर दिवसभर शोधलं.

१२ फेब्रुवारी

आज दोन्ही घरांची गाठ पडली. पडद्यावर. आम्ही पाच खुर्च्या मांडल्या आणि चारच माणसं! पाचवी कुणासाठी मांडली, कुणालाच माहीत नाही.

तिकडे तो आणि त्याची आई. लहानसं स्वयंपाकघर, मागे खिडकी, खिडकीत वाळत घातलेला एक हातमोजा. बाई माझ्याच वयाच्या. केस बारीक कापलेले. हात सतत टेबलावरून फिरवत होत्या, नसलेले कण झाडत.

मुलांची आपसातली भाषा मोडकीतोडकी, प्रेमापुरती. तेव्हा मध्ये मीच. आमच्या कामात समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. "ते म्हणतात की" असं म्हणायचं नाही. सवयच ती. बाई म्हणाल्या, आणि मी सांगितलं, "मला एकच मुलगा आहे. त्याचे वडील गेल्यापासून आम्ही दोघंच."

सासूबाई दचकल्या. माझ्या तोंडून ऐकून!

यांनी विचारलं, तिकडे थंडी फार का. सासूबाईंनी विचारलं, मुलगा रागीट आहे का. बाई म्हणाल्या, "रागावला की भांडी घासतो." सासूबाई म्हणाल्या, "मग रागावू दे की!" हेही मी सांगितलं. बाई हसल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

मी आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं? मुलगी दूर गेली तर तुम्हाला चालेल?"

आणि उत्तराची वाट बघत राहिले.

हे माझ्याकडे बघतायत, टिल्ली खाली बघतेय. मी मनात म्हणतेय, अरे, कुणीतरी बोला, समोर बाई ताटकळल्यात.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "तुला विचारतेय ती! तुला!"

मला दोन्ही भाषांत काही सुचलं नाही.

१३ फेब्रुवारी

सासूबाई: "दुसऱ्यांची भांडणं सोडवायला पगार मिळतो. घरचं फुकट, म्हणून तोंडाला कुलूप." — मी हसले. दुसरं काय करणार.

१५ फेब्रुवारी

यांना म्हटलं, काहीतरी बोला ना. हे शाळेत भूगोल शिकवतात. म्हणाले, "मध्ये दोन समुद्र आहेत. एक वाळवंट. बाकी काही नाही."

मग गच्चीवर गेले आणि कुंड्यांना पाणी घातलं. काल घातलेलं असताना.

१९ फेब्रुवारी

टिल्ली झोपलीय. उशी न घेता, भिंतीकडे तोंड करून. पाचवीत होती तेव्हाही अशीच. पाय पांघरुणाबाहेर. तिकडच्या थंडीत हे चालायचं नाही. हे तिला कोण सांगणार? त्या बाई? त्यांना कसं कळणार, हिचे पाय बाहेर राहतात?

खरं लिहिते. करार मोडावा असं मला वाटतं. इतर नर्सांचं नुकसान होईल, कितीतरी जणींचं. तरी वाटतं. करार मोडला तर त्या बाईंचं पोर तुटेल. तरी वाटतं.

२३ फेब्रुवारी

बोलण्यांआधीची सांस्कृतिक संध्याकाळ. तिकडच्या विद्यार्थ्यांनी आपलं एक अंगाईगीत म्हटलं. अर्थ न कळता, कोट घालून, ओळीत उभं राहून. सगळ्या पट्ट्या बरोबर, आणि अंगाई म्हणताहेत संचलनासारखी! पण शेवटच्या कडव्याला एक जाडसा मुलगा डोळे मिटून गायला. त्याला कुणीतरी कधीतरी निजवलं असणार. सभागृह एकदम हललं.

आमचे सचिव मात्र पहिल्या ओळीपासून झोपले होते. अंगाईचा मान त्यांनीच राखला.

२५ फेब्रुवारी

पहिला दिवस. बंदरं, गहू, कर — भराभर. सतराव्या कलमाला गाडी अडली. ते म्हणतात, आपल्या नर्सांनी आधी एक वर्ष मदतनीस म्हणून काढावं, मग बघू. आपले सचिव म्हणतात, ते वर्ष काढून टाका. दुपारभर तेच. मी तेच तेच दोन्हीकडे वाहत होते, पखालीतल्या पाण्यासारखं.

केबिनमध्ये माझ्या जोडीला पेपरमिंट. आम्ही आळीपाळीने बोलतो. सतत पेपरमिंट चघळतात म्हणून हे नाव. आता घरीही त्यांना तेच म्हणत असतील. संध्याकाळी हेडफोन काढून म्हणाले, "हे काही जुळत नाही. उद्या चहा पिऊन उठतील."

घरी येताना मी टिल्लीसाठी सफरचंदं घेतली. पिशवीभर. उगाच.

२६ फेब्रुवारी

नीट लिहून ठेवते.

सकाळी पुन्हा सतरावं कलम. पुन्हा तेच वर्ष. पाहुण्यांच्या प्रमुख एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. त्या म्हणाल्या, एक वर्षाने काही बिघडत नाही. आमचे सचिव मागे रेलले आणि शेजाऱ्याकडे वळून पुटपुटले, "नर्स म्हणून बोलवायचं आणि धुणीभांडी करायला लावायचं. मोलकरणी हव्यात तर तसं म्हणा की, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

शेजाऱ्याला बोलले. पण समोरच्या माइकचा लाल दिवा पेटलेला होता.

आमचा नियम साधा आहे. माइक सुरू असेल तर जे ऐकू येईल ते पलीकडे गेलं पाहिजे. पेपरमिंटनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच हात हलवला — सोड, जाऊ दे. गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पूर्वी एकदा आम्ही दोघांनी मिळून एका मंत्र्याची शिवी अशीच गिळली होती.

मी बोलले. ताक-भांडं तिकडे नाही, त्याऐवजी "सरळ मागायला लाजता कशाला" म्हणाले. बाकी जसंच्या तसं. वैतागही तोच. मोलकरणी म्हटलं तर मोलकरणी.

नियम म्हणून बोलले? हो. आणि नियम माझ्या बाजूचा निघाला याचा मला आनंद झाला. बोलता बोलताच झाला. आता उठतील, म्हटलं. आता मोडलं.

पलीकडे एकेक मान वर आली. आमचे सचिव कानापर्यंत लाल. पेपरमिंट म्हणाले, "बाई, हात दाखवून अवलक्षण!"

पाहुण्या बाईंनी हेडफोन काढला. पुसला. परत लावला. कुणाकडे न बघता बोलायला लागल्या, आणि त्यांचा "मी" माझ्या तोंडी आला. "माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. तिच्याजवळ तुमच्या देशातली एक मुलगी असायची. तुमच्याकडची शिकलेली नर्स. आमच्या घरात तिला कुणी नर्स म्हटलं नाही. मीही नाही. ती आईला औषध द्यायची आणि नंतर आमचे जिने पुसायची. साहेब बोलले ते खरं आहे. ते वर्ष काढून टाका."

काढून टाकलं!

पेपरमिंटनी त्यांची एक गोळी माझ्यापुढे सरकवली आणि उरलेला दिवस ते एकटेच बोलले.

घरी सगळं सांगितलं नाही. "झालं," एवढंच म्हणाले. टिल्लीने मला मिठी मारली, मग सोडली, मग पुन्हा मारली. सासूबाई आत जाऊन पडल्या. यांनी विचारलं, "तिथे तिला खोली कुठल्या दिशेची मिळेल?"

२७ फेब्रुवारी

सह्या झाल्या. पाहुण्या बाईंनी भाषणात कालचं सगळं पुन्हा सांगितलं, कॅमेऱ्यांपुढे. आईचं, जिन्यांचं. तिकडे सगळीकडे दाखवलं म्हणतात. माझ्या आवाजातलं इकडे.

जाताना त्यांनी केबिनच्या काचेवर टकटक केली. हात जोडावेत की हलवावा, त्यांना कळेना. मलाही.

संध्याकाळी टिल्ली आणि मी दुकानात गेलो. तिने लोकरी मोजे पाहिले. मी म्हटलं, जाड घे. ती म्हणाली, "आई, तिकडे मिळतात." मी तरी घेतले. आता जायचं तर नीट जाऊ दे. मी रडणार नाही असं ठरवलंय. तिच्यासमोर.

बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आमचा थांबा आला तरी मी उठवलं नाही. पुढच्याला उतरलो आणि चालत आलो. विचारलं तिने, का गं? म्हटलं, लक्षातच आलं नाही.

२८ फेब्रुवारी

टिल्ली जात नाही. तो येतोय.

सकाळी त्याच्या आईचा फोन आला. मुलं मध्ये नाहीत, आम्ही दोघीच. म्हणाल्या, "मीच त्याला सांगितलं, तू जा. मी नोकरीभर इस्पितळाच्या लाँड्रीत होते. वॉर्डातल्या चादरी धुतल्या. बाहेरून आलेल्या मुली तिथे येऊन रडायच्या, चादरींच्या ढिगामागे. कुणी मला विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. मुलगा जवळ राहील, म्हणून बोलले नाही. काल त्या बाई टीव्हीवर बोलल्या. आता कागद बदलला, पण वॉर्डात माणसं तीच आहेत. तुमच्या मुलीला नको."

मी म्हणाले, "त्याला पाठवू नका." खरंच म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

टिल्लीला उठवलं, सांगितलं. तिला त्याचा निरोप रात्रीच आला होता. डोळे सुजले होते. म्हणाली, "तुला हेच हवं होतं ना?" मी हो म्हटलं. मग उठून तिचा डबा भरला. डबा घेऊन ती कामावर गेली.

फोन ठेवण्याआधी मी बाईंना विचारलं होतं, मी फोन करत जाऊ का, केव्हा करू. म्हणाल्या, "सकाळी करा. दिवस एकदा सुरू झाला की मग जमतं."