दुपारच्या उन्हाचा कोपरा

१८ जाने.
मानेसर गावातली नोकरी सुटली त्याला महिना झाला. मावशी म्हणे, "दिवसभर उंडारतेसच, तर गल्लीचं काम तरी कर." सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढा अंकल, त्यांनी वही दिली. पार्कात काय हवं ते लोकांना विचारायचं. संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच, बाकांवर शेड टाका, दव पडतं. लिहिलं, वही दिली, माकडं बघायला हिंदूरावच्या टेकडीवर गेले. काम खतम.

२० जाने.
दुपारी मावशीची सतरंजी पोचवायला पार्कात गेले. या वेळी पहिल्यांदाच. आमच्या तळमजल्यावर हिवाळाभर ऊन नाही, मावशीचे गुडघे धरलेले. उंच इमारतींमधून ऊन येतं ते फक्त या कोपऱ्यात, बारा ते तीन. सगळ्या बायका इथेच. मटार सोलणं, विणकाम, भांडणंसुद्धा.
एक माणूस तिथेच चुन्याच्या फक्कीने खुणा करत होता. इथल्या बाकांवरच्या शेडच्या.
"यहीं क्यों?"
"लिस्ट में है."
लिस्ट माझी. मावशीला सांगितलं. ओरडली नाही. "संध्याकाळी विचारलंस होय? तेव्हा आम्ही पोळ्या लाटतो गं."
ओरडली असती तर बरं.

२१ जाने.
नवीन वही. बरोबर बाराला हजर. (वाटेत गजकवाला, तीळगुळाच्या वड्यांचा. दहा मिनिटं गेली.) शबनम आंटी: "लिख, धूप. दूसरी लाइन में भी धूप." शेजारच्या बीजी: "घर में सब कुछ है बेटा, बस धूप नहीं है." पानभर एकच शब्द, खाली सह्या, अंगठे.

२२ जाने.
चड्ढा अंकल वही उघडेनात. "लिस्ट रोज़-रोज़ नहीं बदलती. दोपहर को तो पार्क खाली रहता है."
"दोपहर को आप दुकान पे होते हो, अंकल."
अंकल: "रविवार को मीटिंग में देखेंगे."
रविवारपर्यंत शेड उभी राहील. उद्या परत जाणार. परवाही.

२४ जाने.
इथेच बसून लिहितेय. सकाळी खांबांसाठी चार खड्डे खणले. बाराला बायका आल्या, बघत राहिल्या. बीजी म्हणाल्या, "दरी बिछाओ." सतरंजी पसरली, खड्ड्यांच्या मधोमध. मटारची सालं सरळ खड्ड्यात. पाइपांचा टेम्पो गेटाशी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. मावशीने पाय आणखी लांब केले. "वाजवू दे."
चड्ढा अंकलना फोन केला. आत्ता या, बघा पार्क किती 'खाली' आहे ते.
"दुकान छोड़ के?"
"जी."
ठेवला त्यांनी. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत. दीड वाजलाय. ऊन तीनपर्यंत आहे, आम्हीही.