टोपीवालीची नजर

रविवार, १ फेब्रुवारी
आजपासून पृथ्वी वाचवायची. कारण वैयक्तिक आहे.
धाकट्या बहिणीच्या कॉलेजचा दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. पाच देशांतली मुलं हवामानबदलावर बोलतात. (मीही त्याच कॉलेजात होतो. दुसऱ्या वर्षी सोडलं. मी कॉलेजला, कॉलेजने मला नाही.) चार्जर शोधत धाकटीच्या मागून गेलो आणि स्क्रीनवर लाल लोकरी टोपी दिसली. टोपीखाली ती. बोलताना सारखी उजवीकडे बघत होती. तिच्या उजवीकडची चौकट आमची. म्हणजे माझीच.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
मामाच्या दुकानात एसी दुरुस्त करणं आता तत्त्वात बसत नाही. दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे सर्व्हिसिंगला गेलो आणि त्यांना खिडकी उघडायचा सल्ला देऊन आलो. त्यांनी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, “भाच्या, पृथ्वी वाचव, पण दुकान बंद झाल्यावर.”

रविवार, ८ फेब्रुवारी
इस्त्रीचा शर्ट घालून धाकटीशेजारी खुर्ची ओढली. बस, पण तोंड उघडायचं नाही, म्हणाली. उघडलं. एक चष्मेवाला म्हणाला की बदल हळूहळू होतो. डोकंच फिरलं, त्याला चांगला झाडला. तो बहुधा माझ्याच बाजूने बोलत होता, पण सूर आवडला नाही.
टोपीवाली बरंच बोलली. आवाज काय गोड आहे! मुद्दे धाकटी लिहून घेते. मी नजरेवर लक्ष ठेवलं. पुन्हा उजवीकडेच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
मामाला राजीनामा दिला. तोंडी, जरा चढ्या आवाजात. मामा हातातला पाना खाली न ठेवता ‘बरं’ म्हणाला. धक्का बसला असणार.
आईने जेवायला हाक नेहमीसारखीच मारली. वाढलं मात्र कमी.

रविवार, १५ फेब्रुवारी
पुढच्या रविवारी शेवटचा कॉल. आता नाही तर कधीच नाही.
आज ती बोलता बोलता थांबली, उजवीकडे बघतच राहिली. डोळे भरल्यासारखे वाटले. तिलाही विरह जाणवतोय. सर्वांसमोर विचारून टाकणार. इंग्रजी वाक्य पाठ करतोय.

बुधवार, १८ फेब्रुवारी
दुपारभर पंख्याखाली पाठांतर. पंख्याबद्दल मी कुठे काही बोललो नव्हतो.

रविवार, २२ फेब्रुवारी
विचारलं. पाच देशांसमोर, न अडखळता: पहिल्या दिवसापासून तू माझ्याकडेच का बघतेस?
पाचही देश कॅमेऱ्याजवळ सरकले.
मग ती अगदी सभ्यपणे म्हणाली की प्रत्येकाच्या स्क्रीनवर चौकटी वेगळ्या लागतात. तिच्याकडे आम्ही स्क्रीनच्या दुसऱ्या पानावर असतो, म्हणजे दिसतही नाही. आणि उजवीकडे काय, तेही तिने लॅपटॉप फिरवून दाखवलं. खिडकी. बाहेर कोरडा रस्ता. यंदा त्यांच्याकडे एकदाही बर्फ पडलेला नाही. पडतोय का, ते बघत असते.
चष्मेवाल्याने तोंडावर हात धरला होता.
कॉल संपल्यावर धाकटी लॅपटॉपकडे बघतच म्हणाली, “दादा, पहिल्या रविवारपासून ती तेच तर सांगतेय.”

सोमवार, २३ फेब्रुवारी
मामाच्या दुकानात गेलो. राजीनाम्याचा विषय त्याने काढला नाही. आधी डॉक्टरीणबाईंची माफी मागून ये, एवढंच म्हणाला. मागितली. खिडकी बंदच होती.
सगळे कॉल रेकॉर्ड झालेत म्हणे. आज रात्री तिचं म्हणणं पहिल्यापासून नीट ऐकायचं ठरवलं.
धाकटीने लॅपटॉपचा पासवर्ड बदललाय.