तिसरं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार
हिंजवडीतला पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर पोचले! काम झकास आहे. थेंब थेंब औषध सोडणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर तपासायचं. सॉफ्टवेअर एकच, पण त्यात चौतीस बटणं. हॉस्पिटल आपल्याला हवी ती चालू करतं. सगळ्या जुळण्या तपासायला माझे शंभर जन्म पुरणार नाहीत. म्हणून फक्त दोन-दोन बटणांच्या जोड्या बघायच्या. अनिरुद्धसर म्हणाले, एका चाचणीत कितीतरी जोड्या उरकतात, सव्वीस चाचण्यांत भागतं, उरलेला वेळ चहाला.

१० फेब्रुवारी, सोमवार
स्पृहाताईला मुलगी झाली, दोन महिने आधीच. सव्वा किलोचा जीव स्वारगेटजवळच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे. शेजारी आमचंच यंत्र, थोडं थोडं गुंगीचं औषध सोडणारं. मी ताईला ऐटीत सांगितलं, निर्धास्त राहा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
यादीत कुणीतरी एक तीन बटणांची चाचणी घालून ठेवली होती: तान्हं बाळ, आवाज बंद, बॅटरी. दोन तास खाणारी. हे तिन्ही एकदम कोण लावतंय? खोडली. नवं सॉफ्टवेअर वेळेत हॉस्पिटलांना गेलं, ताईच्याही. सर खूश.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
बाळाला बघून आले. यंत्राच्या टिंगटिंगीने ती सारखी दचकते, बघवत नाही. मी सिस्टरना म्हटलं, अहो, आवाज बंद करता का? त्यांनी केला. लगेच शांत झोपली बिचारी.

१९ फेब्रुवारी, बुधवार
तान्हं बाळ. आवाज बंद. दोन बटणं झाली, त्यातलं एक मीच लावलं. राहिली बॅटरी. पण ती वीज गेली तरच, आणि हॉस्पिटलात जनरेटर असतोच. सर म्हणाले, जोड्या तपासल्यात ना? मग झालं. मला खूप भीती वाटतेय. उद्या आल्या आल्या ती चाचणी लावणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी १०.२०
आठलाच येऊन लावली. वीज काढली. यंत्र बॅटरीवर गेलं आणि दिलेलं औषध विसरलं. पुन्हा पूर्ण डोस. मग पुन्हा. पडद्यावर सगळं हिरवं. आवाज नाही —

१०.४०
ताईचा फोन बंद, आत न्यायला मनाई. हॉस्पिटलच्या फोनवरच्या बाई थांबा म्हणाल्या, तेव्हापासून गाणं वाजतंय. सरही फोन लावताहेत, पांढरेफटक पडलेत. मी रिक्षात. चौक जाम. देवा, माझ्याच हाताने —

१०.५५
ताई बाहेर आली, तिचाच फोन. दुरुस्तीसाठी दर गुरुवारी घालवतात तशी आजही दहापासून वीज नाही म्हणाली. जनरेटरही रुसलाय, यंत्र बॅटरीवर आहे. मी ओरडले, यंत्र बंद करायला सांग. ती आत पळाली. फोन चालूच —
त्याआधी हसून सांगत होती, आज लेक इतकी गाढ झोपलीय, हात उचलून सोडला तरी